चार पॉइंट दोन

१४ जानेवारी

प्रिय मामा,

तुझ्याशी फोनवर बोलण्यात आता अर्थ राहिला नाही. परवा मी विचारलं, ‘जेवलास का?’ आणि तू मला बसच्या वेळा सांगितल्यास. डॉक्टरांनी ते यंत्र कानात घालायला दिलंय, ड्रॉवरमध्ये ठेवायला नाही. तर आता पत्र. अक्षर मोठं काढते, चष्मा सापडला नाही ही सबब चालणार नाही.

बातमी अशी की आमचे जुने प्रमुख सोडून गेले आणि लिफ्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या रिलीजचं सगळं लचांड माझ्या गळ्यात आलं. म्हणजे एकेकाळी जे तुझ्या गळ्यात होतं तेच. तुझी खुर्चीसुद्धा मलाच मिळाली आहे, डावीकडे कलणारी.

नवे साहेब विक्री विभागातून आलेत. काल बैठकीत त्यांनी विचारलं, ‘टॅग म्हणजे नेमकं काय?’ मी सांगितलं, कोड आपण रोज बदलतो. ज्या दिवशी तो लिफ्टमध्ये घालण्यालायक होतो, त्या दिवसाच्या कोडवर एक नाव चिकटवायचं. बरणीला चिठ्ठी लावतो तसं. फिटर काही बरणी उघडून चाखून बघत नाही. तो चिठ्ठी वाचतो आणि लिफ्टमध्ये ओततो. साहेब म्हणाले, ‘आणि चिठ्ठीच चुकीची असली तर?’ सगळे हसले. मला मात्र वाटलं, महिनाभरात माणसाने पहिला शहाणा प्रश्न विचारला.

मग नाव कसं ठेवायचं यावर दीड तास गेला. एकाला पक्ष्यांची नावं हवीत, एकीला ताऱ्यांची. साहेबांना ‘शिखर’, ‘भरारी’ असलं काहीतरी. लिफ्टच्या व्हर्जनला शिखर म्हटलं तर खाली कशी यायची, असं मी म्हटलं. ते त्यांना आवडलं नाही.

आणि तुमच्या काळातली यादी, मामा! काय ती नावं! ‘४.१’, ‘४.१-नवी’, ‘४.१-नवी-खरी’, ‘शेवटची’, ‘शेवटची-२’, ‘ही-लावा’, ‘ही-लावू-नका’. ती ‘ही-लावू-नका’ तीन इमारतींत लावलेली आहे, हे तुला माहीत आहे का?

एक एप्रिलपर्यंत सरकारी लिफ्ट निरीक्षकांच्या कार्यालयाला यादी द्यायची आहे, आपली कुठली लिफ्ट कुठल्या व्हर्जनवर चालते त्याची. त्याआधी मला नावांची एक पद्धत ठरवायची आहे, जी पुढची वीस वर्षं टिकेल. तू कशी ठरवली असतीस? सविस्तर लिही. ‘बघ तुझं तू’ असं लिहिलंस तर मी येऊन डोक्यावर बसेन.

तुझी,
कटकट


२२ जानेवारी

चि. कटकट हिस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. यंत्र घातलं की मला माझंच चावणं ऐकू येतं, म्हणून ड्रॉवरमध्ये असतं. तुला काय कळायचं त्यातलं.

पक्षी नकोत, तारे नकोत. नावं ठेवायला तुझी मामी पटाईत होती, पण तीही लिफ्टच्या वाटेला गेली नसती. आकडे घे. तीन आकडे, मधे टिंब. पहिला बदलला की समजायचं काम मुळातून बदललंय, लिफ्टच्या जुन्या सर्किट बोर्डावर चालणार नाही. दुसरा बदलला की नवी सोय आली. तिसरा म्हणजे निव्वळ दुरुस्ती. फिटर शिडीवर उभा असतो, एका हातात विजेरी असते. त्याला ‘भरारी’ आधीची की ‘शिखर’, हे आठवत बसायला वेळ नसतो. आकडा अंधारातही वाचता येतो.

‘ही-लावू-नका’ माझी नाही. त्या काळात आम्ही नऊ माणसं होतो आणि जो तो आपापल्या नावाने चिठ्ठ्या चिकटवायचा. सगळ्यांचं खापर माझ्या डोक्यावर फोडू नकोस.

माझं ऐकशील तर जुन्याच्या नादी लागू नकोस. सात पॉइंट शून्यपासून पाटी कोरी कर. जुने टॅग आहेत तिथे पडून राहू देत. कार्यशाळेच्या कपाटात खालच्या फळीवर एक जुना काळा लॅपटॉप असेल, फिटर लोक बरोबर न्यायचे तो. त्याची बॅटरी फुगली असणार. चालू करू नकोस, थेट भंगारात दे.

चार पॉइंट दोनचं प्रकरण तुला माहीतच आहे. त्या फिटरने हलगर्जीपणा केला आणि एका बाईंचा पाय गेला. अकरा वर्षं झाली. झालं ते झालं.

इथे बरं आहे. थंडी हाडात शिरते. वरच्या मजल्यावर बिऱ्हाड बदलून जा, ऊन मिळेल, असं घरमालक पुन्हा म्हणाला. मला तळमजलाच बरा.

तुझा,
मामा


३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तीन आकडे मंजूर! साहेब तासभर रुसले, मग म्हणाले की जाहिरातीत तरी ‘भरारी’ लिहू द्या. लिहा म्हटलं. मी आकड्यांपुढे तारीखही जोडणार आहे. तू नको म्हणशील, पण मला हवी आहे.

आता एक गंमत. तू सांगितलंस की लॅपटॉप चालू करू नकोस, म्हणजे मी करणार हे तुला कळायला हवं होतं. बॅटरी फुगली होती खरी, ती काढून टाकली आणि वायर लावून चालवला. निरीक्षकांच्या यादीसाठी मला बघायचं होतं की फिटरांकडे प्रत्यक्षात कुठली व्हर्जन असायची. सर्व्हरला जोडून म्हटलं, सगळे टॅग इकडे आण. बाकीचे आले. एकाच टॅगवर अडून बसला, चार पॉइंट दोनवर. म्हणतो, या नावाचा टॅग माझ्याकडे आधीच आहे, तो दुसऱ्याच कोडवर आहे, मी तो पुसणार नाही.

मी दोन्ही शेजारी ठेवून बघितले. नाव एकच, आतला कोड वेगळा. फरक फक्त अकरा ओळींचा. सर्व्हरवरच्या ४.२ मध्ये दार उघडायच्या आधी पाव सेकंद थांबून लिफ्ट मजल्याच्या पातळीत आहे का ते दुसऱ्यांदा तपासतात. लॅपटॉपवरच्या ४.२ मध्ये ती तपासणीच नाही.

डिस्क खराब होऊन असं होतं का? की त्या फिटरने स्वतः लॅपटॉपवर काही खुडबूड केली असेल? तुला आठवत असेल तर सांग. यादीत त्या इमारतीपुढे मला काहीतरी लिहावं लागेल.

आईने तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणलेत. एक मोठा झालाय, एक लहान. ती म्हणाली की माझ्या भावाचे पायही तसेच आहेत.

तुझी,
कटकट


९ फेब्रुवारी

चि. कटकट,

डिस्क खराब असेल. जुन्या यंत्रांचा भरवसा नाही. साहेबांना यातलं काही सांगू नकोस, त्यांना कळणार नाही आणि उगाच गवगवा होईल. लॅपटॉप तसाच गुंडाळून माझ्याकडे पाठव, मी सवडीने बघतो. यादीत ४.२ लिही. रजिस्टरमध्ये तसंच आहे.

मोजे मिळाले. आईला सांग, बरोबर बसले.

मामा


२ मार्च

ती. मामांस,

लॅपटॉप पाठवलेला नाही. पाठवणार नाही.

तुमचं शेवटचं पत्र मी चार वेळा वाचलं. तुम्ही मला लहानपणापासून एकच शिकवलंत, यंत्र खराब आहे असं म्हणण्याआधी स्वतःचं काम तपास. माझ्या एका प्रश्नाला तुम्ही तीन पानं लिहिणार, आणि या प्रश्नाला पाच ओळी. तेव्हाच मला संशय आला होता. तरी मी दोन आठवडे स्वतःला सांगत राहिले की तुमचे गुडघे दुखत असतील.

डिस्क खराब नाही. मी तपासली. लॅपटॉपवरच्या कोडमध्ये कुणी खुडबूडही केलेली नाही. तो जसाच्या तसा सर्व्हरवरून घेतलेला आहे, अपघाताच्या दोन दिवस आधी, बुधवारी. म्हणजे त्या बुधवारी सर्व्हरवर ४.२ नावाची जी चिठ्ठी होती, ती त्याच कोडवर होती, अकरा ओळी नसलेल्या. त्या अकरा ओळी सर्व्हरवर आल्या गुरुवारी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी. लिहिणाऱ्याचं नाव तुमचं आहे.

मग मी कंपनीचं जुनं रजिस्टर काढलं. फिटरदादांच्या अक्षरात नोंद आहे, गुरुवार, सकाळी सव्वादहा, ४.२ लावली, दोनदा वरखाली करून बघितली. शुक्रवारी सकाळी त्या इमारतीतल्या दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या बाई लिफ्टमधून बाहेर पडत होत्या. दार उघडलं आणि लिफ्ट वर सरकली.

चौकशीचे कागद त्याच कपाटात आहेत. फिटरदादा तीनदा म्हणालेत, मी चार पॉइंट दोनच लावली. सुटका करताना पॅनेल तोडलं आणि कोड असलेला बोर्डही तुटला, म्हणून सर्व्हरवरची ४.२ काढून कार्यशाळेत चालवून बघितली. तिच्यात लिफ्ट पातळीत नसताना दार उघडलं नाही. मग निष्कर्ष असा की त्यांनी काही लावलंच नाही, नुसतं रजिस्टरमध्ये लिहिलं. त्यांचा परवाना गेला आणि नोकरीही गेली.

तुम्ही चिठ्ठी उचलून दुसऱ्या बरणीला लावलीत, मामा. आणि त्यांनी पहिल्या बरणीतलं ओतलं होतं.

मी तुमच्यावर चिडले आहे असं लिहायला बसले होते. पण खरं तर मला भीती वाटते आहे. मी चुकत असेन तर तसं लिहा. माझी एवढीच इच्छा आहे की मी चुकत असावं.

तुमची भाची


८ मार्च

चि. बाळ,

तू चुकत नाहीस.

तुझ्या पत्रात ‘तुम्ही’ वाचलं आणि पुढचं न वाचताच मला कळलं. तू चार वर्षांची असताना तुझ्या आईने तुला सांगितलं होतं, मामाला अहो म्हणायचं. तू दिवसभर माझ्याशी बोलली नव्हतीस, पण अहो म्हणाली नव्हतीस.

सगळं सांगतो. अकरा वर्षांत कुणाला सांगितलं नाही, तुझ्या मामीलाही नाही.

बुधवारी ४.२ तयार झाली. फिटरने त्याच दिवशी लॅपटॉपवर घेतली. फळ्यावर त्या इमारतीपुढे शुक्रवार लिहिलेलं होतं. गुरुवारी दुपारी मी कार्यशाळेतल्या चाचणीच्या लिफ्टवर उगाच खेळत होतो, आणि पन्नासातून एकदा दार उघडल्यावर ती दोन बोटं सरकली. कारण लगेच सापडलं. अकरा ओळी लिहिल्या, तीस वेळा, शंभर वेळा चालवून बघितलं, ठीक झालं.

आता त्या दुरुस्तीला नवं नाव द्यायचं तर ४.३ म्हणावं लागलं असतं. ४.३ म्हटलं की नवा फॉर्म, तीन सह्या, पंधरा दिवसांची चाचणी. मी विचार केला, ४.२ अजून कुठे लागलेलीच नाही, मग नाव तेच राहू दे. टॅग उचलला आणि नव्या कोडवर ठेवला. अर्ध्या मिनिटाचं काम. पूर्वीही दोनदा केलं होतं, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी फिटर निघेल तेव्हा त्याला म्हणू, बाबा रे, पुन्हा एकदा कॉपी घेऊन जा. एवढं मनाशी ठरवून घरी गेलो आणि छान झोपलो.

पण इमारतीच्या लोकांनी फोन केला होता, म्हणून तो एक दिवस आधीच जाऊन आला होता. गुरुवारी सकाळी. मी कार्यशाळेत खेळत होतो, तेव्हा ती त्या इमारतीत चालू होती. त्याने काम वेळेआधी केलं, एवढाच त्याचा दोष.

चौकशीत मला एकच प्रश्न विचारला. ४.२ मध्ये ही दुसरी तपासणी आहे का? मी म्हणालो, आहे. त्या दिवशी ती होती. खोटं एक अक्षर बोललो नाही, याचा मला पुष्कळ दिवस आधार वाटत होता, इतका मी हलकट. तो समोर बसला होता. तिसऱ्यांदा म्हणाला, ‘मी चार पॉइंट दोनच लावली हो, तुम्ही तरी सांगा.’ माझ्याकडे बघून म्हणाला. मी टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिलो.

लॅपटॉप मी कपाटात ठेवला. सर्व्हरवरही नाव तेच, म्हणून तपासायला कुणी तो मागितला नाही. पुसून टाकता आला असता. प्रत्येक वर्षी ठरवायचो आणि कपाट बंद करायचो. निवृत्त झालो तेव्हाही तिथेच ठेवून आलो. का, ते मला सांगता येत नाही.

त्या दिवसापासून मी लिफ्टमध्ये चढलो नाही. तुम्हाला सगळ्यांना वाटतं की तळमजला गुडघ्यांसाठी आहे.

आता तू सांग काय करू. तू म्हणशील ते करतो.

मामा


१८ मार्च

प्रिय मामा,

मी सांगणार नाही. तुझं तू ठरव. एवढं ओझं माझ्यावर टाकू नकोस.

पण मी काय केलं ते सांगते. रविवारी फिटरदादांकडे गेले. पत्ता जुन्या कागदांत होता, तिथे ते नव्हते. शेजाऱ्यांनी दुसरीकडे पाठवलं. शहराच्या पार टोकाला एका सहामजली इमारतीची ते देखभाल करतात, गच्चीवरच्या खोलीत राहतात. इमारतीला लिफ्ट आहे, आपली नाही, दुसऱ्या कुणाची. मी बटण दाबणार तेवढ्यात त्यांनी जिन्याकडे हात केला. म्हणाले, ‘तुम्ही या लिफ्टने, मी चालत येतो.’ मग मीही चालतच गेले. प्रत्येक मजल्यावर ते कठड्याला धरून उभे राहायचे.

खोली स्वच्छ आहे. एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीला लावलेले नट आवळायचे पाने, मापाप्रमाणे ओळीने. लॅपटॉप उघडला. दोन्ही ४.२ शेजारी लावून दाखवले.  त्यांनी तारीख आणि वेळ वाचली, बोटाने, एकेक आकडा. ‘चार चाळीस,’ म्हणाले, ‘तेव्हा मी घरी पोचलो होतो.’

त्यांची स्वतःची खिशातली वही अजून आहे, सगळ्या कामांची. त्या गुरुवारचं पान काढलं. ‘४.२ लावली’ असं लिहिलेलं, आणि त्यावर आडवी रेघ. रेघ त्यांनीच मारली आहे, चौकशीनंतर सहा महिन्यांनी. खाली लिहिलंय, ‘लावली नसावी. विसरलो असेन.’ मी विचारलं, असं का केलंत? म्हणाले, ‘एवढी शिकलेली माणसं म्हणतात नाही लावली. तुमचे मामा तिथे होते, ते कधी खोटं बोलायचे नाहीत. मग मला वाटायला लागलं, आपलाच मेंदू फिरला.’

मामा, त्यांना त्यांच्याच हातांवर विश्वास राहिला नाही. घरातून निघताना कुलूप लावलं की नाही हे बघायला ते पाच वेळा परत येतात.

त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली. ती त्यांना कधी काही बोलली नाही, म्हणाले. फक्त त्या प्रकरणानंतर त्यांनी दुरुस्त केलेला पंखा ती लावायची नाही. हे सांगताना ते हसले आणि मग उठून स्टोव्हपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. ‘हे तिला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं,’ एवढंच म्हणाले. मला तिथे रडू आलं. मी लपवलं नाही.

आता पद्धतीचं. शेवटी मी ती लिहून काढली आणि साहेबांची सही घेतली. तीन आकडे, पुढे तारीख. आणि एकदा चिकटवलेला टॅग कुणीही, कुठल्याही कारणाने हलवायचा नाही. चुकीच्या कोडवर लागला तर तो चुकलेला तसाच राहील आणि दुरुस्तीला स्वतःचं नवं नाव मिळेल, कितीही सह्या लागोत. सर्व्हरवर कुलूपही घातलंय, आता मलाही हलवता येत नाही.

मग माझ्याच लक्षात आलं की या नियमाने मला तुझी ४.२ जागेवर परत नेता येत नाही. ती आहे तिथेच राहणार, खोटी. मी लॅपटॉपवरचा तो जुना कोड सर्व्हरवर आणला आणि त्याला वेगळं नाव दिलं, ‘४.२-प्रत्यक्ष-लावलेली’, पुढे गुरुवारची तारीख. खोटं पुसायचं नाही, शेजारी खरं लिहायचं, एवढंच जमलं.

एक तारखेला यादी निरीक्षकांकडे जाईल आणि त्यात हे दोन्ही टॅग असतील. बरोबर तुझं पत्र असेल की नाही, ते तुझ्यावर आहे. निघताना फिटरदादांनी एकच विचारलं, ‘ते स्वतः येणार आहेत का?’ मी म्हटलं, माहीत नाही.

तुझी,
कटकट


२९ मार्च

चि. कटकट हिस,

जाऊन आलो.

निरीक्षकांसाठी चार पानं लिहून सही केली आहे, ती याच पाकिटात आहेत. यादीला जोड. ते बोलावतील तेव्हा येईन. कंपनीला काय करायचं ते करू दे. त्या बाईंनाही एक पत्र लिहायला घेतलंय, अजून पहिल्या ओळीपुढे सरकलेलं नाही.

तू फिटरना कळवलं होतंस बहुतेक. ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून होते. मला बघून उठले. मी हात जोडले, त्यांनीही जोडले, सवयीने. आम्ही दोघांनी लिफ्टकडे बघितलं आणि जिना चढायला लागलो. दोन म्हातारे, चार गुडघे, त्यातला एकही धड नाही. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी माझी पिशवी घेतली. मी नको म्हणत होतो, पण त्यांनी घेतली.

खोलीत बसल्यावर मी सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच. पाण्याच्या पेल्याचंही सांगितलं. ते खाटेवर बसून ऐकत होते. माझं झाल्यावर त्यांनी ती खिशातली वही काढली, ते पान उघडलं आणि पेन माझ्या हातात दिलं. मी त्यांच्या रेघेला हात लावला नाही, तुझा नियम आठवला. खाली लिहिलं, ‘यांनी ४.२ लावली होती. नाव मी नंतर हलवलं. मला माहीत होतं.’ तारीख घातली, सही केली. 

त्यांनी ते वाचलं. वही मिटून मांडीवर ठेवली. मग बोलायला लागले.

यंत्र माझ्या कानात होतं, बाळ. नवी बॅटरी घालून गेलो होतो. पण त्यांच्या खोलीच्या भिंतीला लागूनच इमारतीचा पाण्याचा पंप आहे, आणि तो नेमका तेव्हा सुरू झाला. कानात नुसती घरघर. ते बोलत होते, दाराबाहेर गच्चीकडे बघत, हळू आवाजात, ओठही नीट दिसत नव्हते. दहा मिनिटं तरी बोलले असतील. एकदा भिंतीवरच्या पान्यांकडे हात केला, एकदा डोळे पुसले. मी माझी छोटी वही पुढे केली, लोक माझ्यासाठी लिहितात ती. त्यांनी ती हातानेच बाजूला सारली आणि बोलत राहिले. मी मान हलवत राहिलो.

माफ केलं का, असं तू विचारशील. मला माहीत नाही. शिव्या दिल्या असतील, बायकोचं सांगितलं असेल, किंवा नुसतं लिफ्टबद्दल बोलले असतील. पंप बंद झाला तेव्हा त्यांचं बोलून झालं होतं, आणि पुन्हा एकदा सांगा, असं म्हणायला माझी जीभ वळली नाही.

तुझा,
मामा